नळावरचं भांडण : गिरणगावातल्या शेजाराचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण गिरण्यांचा इतिहास पाहिला. भांडवल कुठून आलं, यंत्रं कुठून आली, कामगार कुठून आले. आज गिरणीच्या फाटकाबाहेर पडू आणि चाळीत शिरू. विषय आहे शेजाऱ्यांची रोजची थट्टा आणि रोजची भांडणं. आता कुणी म्हणेल, भांडणाचा कसला आलाय इतिहास? लढाईचा असतो, संपाचा असतो. ‘तुझी बादली माझ्या बादलीच्या पुढे कशी आली’ याचा इतिहास कोण लिहितो?

शंका रास्त आहे, आणि तिच्यामागे एक खरी अडचण आहे. रोजचं भांडण कागदावर येत नाही. ते फार ताणलं गेलं तरच येतं. म्हणजे कुणाचं डोकं फुटलं, तर पोलिस चौकीत ‘अदखलपात्र’ म्हणून नोंद होते. घरमालकाशी वाजलं, तर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात कागद जातो. पण सकाळी सहाला नळावर शब्दाला शब्द लागला, साडेसहाला शांत झाला आणि संध्याकाळी एकीने दुसरीच्या घरी आमटीची वाटी पाठवली, या व्यवहाराची नोंद कुठल्याच दफ्तरात नाही. त्यामुळे निव्वळ सरकारी कागद वाचले, तर चाळ म्हणजे हाणामाऱ्यांचं घर असं वाटतं. आणि निव्वळ आठवणी वाचल्या, तर चाळ म्हणजे गोकुळ असं वाटतं. आपल्याला या दोन्हींच्या मधून वाट काढायची आहे.

आधी इमारत पाहू, कारण बरीचशी भांडणं इमारतीनेच आखून दिलेली असतात. कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढच्या चाळीस वर्षांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ अशी गिरण्यांची रांगच उभी राहिली. कामगार कोकणातून आले, घाटावरून आले, आणि त्यांच्यासाठी खाजगी मालकांनी जमेल तिथे, जमेल तशा चाळी बांधल्या. १८९६ साली प्लेग आला. गर्दी आणि अंधार यांचा रोगाशी संबंध आहे हे सरकारला पटलं आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधल्या त्या बीआयटी चाळी. पहिल्या महायुद्धानंतर जागेची टंचाई इतकी झाली की गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, सरकारने स्वतःचं डेव्हलपमेंट खातं काढलं. त्याच्या त्या बीडीडी चाळी : वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फूट.

हा १६० चा आकडा जरा डोळ्यांसमोर आणा. दहा फूट रुंद, सोळा फूट लांब. त्यात स्वयंपाक, मोरी, आजारपण, बाळंतपण, अभ्यास, सगळं. साहजिकच जे आत मावत नाही ते बाहेर येतं. बाहेर म्हणजे गॅलरीत. गॅलरीत धान्य निवडलं जातं, पापड वाळतात, पोरं पाढे म्हणतात, आजोबा खाट टाकतात. आणि ही गॅलरी कुणाच्याच मालकीची नसते. दारासमोरचा तुकडा आपला, असं प्रत्येकाला मनातून वाटतं, पण त्या तुकड्यावरून पुढच्या खोलीतल्याला जावंच लागतं. चाळीतली निम्मी भांडणं या एका वाक्यात आली.

उरलेली निम्मी नळावर. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० पासून आणि तानसाचं १८९२ पासून मिळू लागलं. त्याआधी विहिरी होत्या, तळी होती. तिथेही बाया भांडत असणारच, पण विहिरीला वेळ नसते. नळाला वेळ असते. पाणी ठरावीक तासांनी येणार, ठरावीक वेळाने जाणार. घड्याळ जसं गिरणीने आणलं तसं ते नळानेही आणलं, हे आपण फारसं लक्षात घेत नाही. मग नंबर आला. नंबराला माणूस उभा पाहिजे की नुसता हंडा ठेवून चालेल? एका हंड्यामागे किती बादल्या? ज्या घरात लग्न आहे त्याला सवलत किती दिवस? मधेच एखादी ‘फक्त एक तांब्या हो’ म्हणून घुसली तर? या प्रश्नांना कुठल्याही नगरपालिकेच्या नियमात उत्तर नव्हतं. ती उत्तरं भांडूनच ठरली आणि ठरल्यावर वर्षानुवर्षं टिकली. म्हणजे आपण ज्याला नळावरचं भांडण म्हणून हसतो, ती बऱ्याचदा नियम करण्याची सभाच असायची. तिला अध्यक्ष नव्हता आणि इतिवृत्त नव्हतं, एवढाच फरक. त्या सभेत मतं जवळजवळ सगळी बायकांची होती. गिरणीच्या युनियनमध्ये ज्यांना बोलायला क्वचित मिळायचं, त्या इथे बोलत होत्या.

तिसरी गोष्ट झोप. हिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. गिरणी पाळ्यांत चालू लागली की चाळीतही पाळ्या आल्या. रातपाळीचा माणूस सकाळी घरी येऊन झोपणार, त्याच वेळी पोरं शाळेच्या तयारीत, शेजारीण मिरची कुटणार, वरच्या मजल्यावर पाटा-वरवंटा चालणार. मधली भिंत कधी विटेची, कधी नुसत्या फळ्यांची. ‘आमचे हे झोपलेत’ हे वाक्य गिरणगावात जितक्या वेळा बोललं गेलं असेल, तितकं क्वचितच दुसरं कुठलं बोललं गेलं असेल. यातून कामाची एक वाटणीच तयार झाली : कुटायचं ते दुपारी, पोरांनी खेळायचं ते खाली चौकात. हे पाळलं नाही की भांडण.

ज्यांचं कुटुंब गावी होतं, त्यांची गोष्ट थोडी निराळी. एकेका गावच्या माणसांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची. वीस-पंचवीस जण, प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. गोवेकरांचे धोबीतलाव-माझगावकडचे ‘कूड’ याच जातीचे, फक्त तिथे संध्याकाळी प्रार्थना आणि भिंतीवर गावच्या सायबाची तसबीर. अशा खोल्यांत भांडण मिटवायची रीत गावाकडूनच आलेली : बैठक बसवायची, वडीलधाऱ्याने दोन्हीकडचं ऐकायचं, चूक ठरली तर दंड. दंडाचे पैसे गावच्या देवळाला. मुंबईतल्या भांडणातून गावच्या देवळाची कौलं शाकारली जात, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आता थट्टेकडे येऊ, कारण भांडणाची ही धाकटी बहीण आहे. गिरणगावात कोकणी आणि घाटी ही जोडी प्रसिद्ध. कोकण्याने घाट्याला ‘भाकरीबरोबर ठेचा खाऊन जीभ जाड झालीय’ म्हणायचं, घाट्याने कोकण्याला ‘माशाच्या काट्यासारखा बोचतोस’ म्हणायचं. मालवणीत तर शिवी आणि जवळीक यांच्यातली रेघ बाहेरच्याला दिसतच नाही. नवीन माणूस घाबरतो, जुना हसतो. टोपणनावं तर विचारू नका. एका चाळीत तीन सावंत असले की एक लंबू, एक पोस्टमन आणि एक ‘दारातला’, म्हणजे जो कायम दारात उभा असतो तो. हे नाव आयुष्यभर चिकटणार आणि श्राद्धाच्या आमंत्रणातही ओळख पटवायला वापरलं जाणार.

या थट्टेला नुसतं ‘बोलणं’ समजू नये, असं आमचं आग्रहाचं म्हणणं आहे. ती एक शिकलेली कला होती आणि तिच्या शाळा होत्या. कोकणातला शिमगा घ्या. वर्षातून एकदा गावात कुणाच्याही नावाने बोंब मारायची मुभा, अगदी खोताच्याही. चाळकऱ्यांनी होळी चौकात पेटवली, तेव्हा ही मुभाही बरोबर आणली. दुसरं, जाखडी नाच. शक्तिवाले आणि तुरेवाले समोरासमोर, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. शाहिराचं नाव, त्याचा गुरू, त्याचं गाव, कशाचीही खिल्ली उडवायची, पण छंदात आणि तालात. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने व्हायचे आणि रत्नागिरीकडचे कामगार पदरचे पैसे मोडून तिकीट काढायचे. तिसरं, सिंधुदुर्गाकडची डबलबारी. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज. नाव भजनाचं, पण लोक जातात ते पहिल्या बुवाने दुसऱ्याला कसा चिमटा काढला आणि दुसऱ्याने तो कसा परतवला हे ऐकायला. समोरच्याची बारी चालू असताना मधे तोंड घालायचं नाही, हा नियम. आपली बारी आली की सोडायचं नाही, हाही नियम.

लक्षात घ्या, हेच श्रोते दुसऱ्या दिवशी नळावर आणि गॅलरीत असायचे. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, मग त्याच्याच शब्दात त्याला अडकवायचं आणि चार माणसं हसली की थांबायचं, हे वळण त्यांच्या अंगात होतं. ज्याला उत्तर सुचलं नाही तो हरला. ज्याने हात उचलला तो तर हरलाच हरला, कारण त्याला उत्तर सुचलं नाही हे सगळ्यांना कळलं.

चाळीतलं दुसरं मोठं मैदान म्हणजे गणपती. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासूनचा, मुंबईतला पहिला म्हणून तो सांगितला जातो. उत्सवाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिलं गेलंय, ते इथे उगाळत नाही. आमचं लक्ष वर्गणीवर आहे. वर्गणी म्हटली की पावती, पावती म्हटली की हिशेब, आणि हिशेब म्हटला की विसर्जनानंतरची सर्वसाधारण सभा. तिथे ‘मागच्या वर्षी कापूर साडेतीन रुपयांचा, यंदा पाच रुपयांचा कसा’ यावर रात्री एकपर्यंत वाद. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटतं. पण दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब उभं राहून मागायचा आणि मागितला तर द्यायचा, ही सवय गिरणगावच्या कितीतरी माणसांना पहिल्यांदा या सभेत लागली. पुढे यातलेच काही युनियनमध्ये दिसतात, पतपेढीत दिसतात, नगरसेवक म्हणूनही दिसतात.

इथे राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराचा उल्लेख केला पाहिजे. मुंबईच्या कामगारवर्गावरच्या त्यांच्या अभ्यासाने एक समजूत हलवली. कामगाराचं राजकारण गिरणीच्या आत घडतं, असं आपण धरून चाललो होतो. ते म्हणाले, वस्ती पाहा, दुकानदार पाहा, घरमालक पाहा, तालीम पाहा. १९२८ चा संप सहा महिने चालला. सहा महिने पगार नाही, मग लोक जगले कशावर? वाण्याची उधारी, गावाकडून आलेले तांदूळ, खाणावळवालीने थांबवलेलं बिल, आणि शेजाऱ्याकडची वाटी. ज्या शेजारणीशी परवा नळावर वाजलं तिच्याकडेच वाटी मागायची होती, आणि तीही देत होती, कारण तिलाही उद्या मागायची होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही पहिला आधार हाच होता. तो पुरला नाही. संप लांबत गेला तशी वाटी रिकामी झाली, कारण देणाराही संपावरच होता. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात या रिकाम्या झालेल्या घरातली भांडणं आहेत, आणि ती आधीच्या भांडणांसारखी अजिबात नाहीत. तिथे कुणी हसत नाही.

एक गोष्ट आम्हाला बरेच दिवस छळत होती. लोक इतके भांडूनही एकत्र राहिले कसे? सरळ उत्तर असं, की जायला जागाच नव्हती. पण हे नेहमीच खरं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामगार खोल्या बदलत, गावी जात, परत येऊन दुसरीकडे उतरत. मग १९१८ पासून भाड्यांवर निर्बंध आले आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं जवळजवळ गोठलं. खोली सोडणं म्हणजे लॉटरीचं तिकीट फेकून देणं झालं. खोली बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. मालकाला दुरुस्ती परवडेना, जिने डगमगले, शेवटी १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. पण शेजाराच्या बाजूने पाहिलं तर या कायद्याने आणखी एक गोष्ट केली : शेजारी गोठवला. पन्नास वर्षं तोच माणूस त्याच भिंतीपलीकडे. आमचा तर्क असा, की चाळीतला अबोला हा खरा या काळाचा शोध. निघून जाता येत नाही, मारता येत नाही, बोलायचं तर नाही. मग ‘बाळ, तुझ्या आईला सांग, दोरीवरचे कपडे काढ म्हणावं’, आणि आई तीन फुटांवर उभी. अबोल्यातही वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम मोडत नसे. निदान दोन बटाटे, नाहीतर चिमूटभर साखर तरी त्यात असायची.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, किती छान. तर आता थांबा. कारण वर जे सांगितलं ते बरोबरीच्या माणसांचं. भांडायलाही बरोबरी लागते. नंबरावरून भांडायचं तर आधी त्या नळाला हात लावता आला पाहिजे. गिरणीतच पाहा ना : कापड खात्यात दलित कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकराला तो धोटा चालत नसे. पगार तिथेच जास्त. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. त्यांचं स्वतःचं वास्तव्य तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत होतं, गिरणगावच्या मधोमध. म्हणजे ‘कामगार सारे एक’ ही घोषणा आणि ‘तुमचं पाण्याचं मडकं वेगळं’ ही वागणूक एकाच आवारात नांदत होती. थट्टेतही असंच. कोकणी-घाटी चेष्टा दोन्ही बाजूंनी चालायची. जातीवरून मारलेला टोमणा मात्र एकाच दिशेने जायचा आणि ज्याला बसला त्याने तो गिळायचा.

पुढे त्याने गिळणं बंद केलं. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. १९७४ च्या जानेवारीत पोटनिवडणुकीच्या तोंडावर वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल झाली, दगड, सोड्याच्या बाटल्या, आणि ती बरेच दिवस धुमसत राहिली. परळला मोर्चावर वरून आलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता गेला. न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला. ज्या गॅलऱ्यांतून पापड वाळत होते त्याच गॅलऱ्यांतून दगड येत होते, हे विसरून चाळीचा इतिहास सांगता येत नाही. सहजीवनाच्या ज्या रीती वर सांगितल्या, त्या इथे का चालल्या नाहीत? आमच्या मते, त्या रीती या दोन वस्त्यांच्या दरम्यान कधी तयारच झाल्या नव्हत्या. चाळी शेजारी होत्या, पण एका नळावर उभं राहून भांडण्याइतका शेजार नव्हता.

मग ही गोकुळाची प्रतिमा आली कुठून? बऱ्याच अंशी गिरगावातून. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ सालची, आणि नंतर त्यांच्या एकपात्री प्रयोगाने ती घराघरांत गेली. ती चाळ कारकुनांची, मास्तरांची, पांढरपेशी. तिच्यातलं प्रेम खरं आहे आणि विनोदही खरा आहे. पण गिरणगावच्या चाळीची आठवणही आपण त्याच चष्म्यातून काढू लागलो, आणि भोंगा, पाळी, खाणावळ, वेगळं मडकं हे सगळं त्यातून गळलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांची तोंडी कथनं गोळा केली, तेव्हा ते थोडं परत आलं. ज्यांच्या घरी कुणी म्हातारं माणूस त्या भागातलं असेल, त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, एवढं सुचवतो. आणि ‘तेव्हा किती एकी होती’ एवढ्यावर त्यांना सोडू नका. कुणाशी अबोला होता ते विचारा.

आज गिरण्या नाहीत. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीच्या पहिल्या कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या १६० फुटांत काढलेल्या माणसाला संडास घरात असण्याचा जो आनंद होतो, त्याची चेष्टा करायचा अधिकार बाहेरच्या कुणालाच नाही. गॅलरी गेली म्हणून हळहळणारे बहुतेक जण गॅलरीत झोपलेले नसतात. नव्या इमारतीत नळ प्रत्येकाचा वेगळा, दार बंद, मधे लिफ्ट. आता वाद आहेत ते देखभाल खर्चाचे, पार्किंगचे आणि लॉबीत चपलांचा स्टँड ठेवायचा की नाही याचे. यातला शेवटचा वाद तुम्हाला ओळखीचा वाटेल. दारासमोरचा तुकडा कुणाचा, हाच तो.